कापून टाकलेले पावणेचार तास

मी केसांत पिन लावत नाही. पदराला सेफ्टीपिन लावत नाही, तो हातानेच सांभाळते. जळगावात बायका विचारतात, काही नवस बोललात का? नवस कसला, नोकरी होती. वीस वर्षं मी अशा जागी काम केलं जिथे लोखंडाची टाचणीसुद्धा आत न्यायला बंदी होती. नोकरी सुटली, अंगाचं वळण सुटलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी सूर्य खवळला, तिकडे लडाखकडे आकाश लालसर झाल्याचे फोटो मोबाइलवर फिरले, आणि अचानक मला फोन येऊ लागले. मुक्ताईनगरकडचे माझे मामा केळीवाले. त्यांचा पहिला प्रश्न, "आपल्या केयीले काही होईन का वं?" केळीला काही होत नाही, मामा. एका ज्योतिषांना माझ्याकडून लेखी हवं होतं की हे वादळ त्यांनी आधीच सांगितलं होतं. आणि यंदा या अंकाचे संपादक म्हणाले, "ताई, सूर्याच्या वादळांवर काहीतरी रंजक लिहा. अनुभव लिहा, किस्से लिहा."

किस्से आहेत. ते लिहायला बसले की एका माणसापाशी येऊन पेन थांबतं. आजवर मी त्या माणसाबद्दल कुठे बोलले नाही. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं. आता पूर्ण लिहिते.

धुळ्याहून अमळनेरकडे जाताना एका गावाच्या शिवारात आमचं केंद्र होतं. गावाचं नाव लिहीत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व क्षणाक्षणाला किती कमीजास्त होतं ते मोजायचं, एवढंच काम. एक बुटकी खोली, भिंती चुन्याच्या, खिळे आणि कडीकोयंडा पितळेचे, आत जमिनीत पुरलेलं मोजणीचं यंत्र. भोवती मोकळी जमीन. केंद्रापासून दोनशे पावलांवर एक जुना कडुलिंब होता, ती आमची हद्द. लिंबाच्या आत सायकल नाही, गाडी नाही, विळा नाही, कुदळ नाही. यंत्र इतकं हळवं की पन्नास पावलांवरून ट्रॅक्टर गेला तर कागदावरच्या आलेखात खड्डा पडायचा.

हद्द सांभाळायला हिलालआबा होते. त्याच गावचे, तेव्हा साठीला टेकलेले, ठेकेदारामार्फत लागलेले रखवालदार. खानदेशात शेतावरच्या सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. आमचा ठेकेदारही त्याच रिवाजाने चालायचा. दर आखाजीला आबांना 'राहा' म्हणायचा आणि आबा राहायचे. अशा अकरा आखाज्या झाल्या होत्या.

आबांनी लिंबाच्या बुंध्याशी एक लाकडी पेटी ठेवली होती. येणाऱ्याने पट्टा, किल्ल्या, घड्याळ, चाकू सगळं त्यात टाकायचं. बायकांनी पिना काढायच्या. सुरुवातीला मी एकदा विसरले, तर आबा दारातच उभे. "ताई, डोकामा काय शे?" मला वाटलं, अक्कल काढतायत. मग हात केसांकडे गेला.

एकदा एक पुढारी केंद्र बघायला आले, मागे चार गाड्या. आबांनी लिंबापाशी हात आडवा धरला. गाडीतला कार्यकर्ता ओरडला, "आबा, साहेबांना ओळखत नाही का?"

आबा म्हणाले, "वळखस ना. मतबी त्यासलेच दिधं. पन गाडी लोखंडनी शे."

साहेब हसले आणि चालत आले. बुटांच्या टाचांना खिळे निघाले, तेव्हा अनवाणी आले. एप्रिलचं ऊन, काळी माती. आत दोन मिनिटं थांबले आणि 'देशासाठी फार महत्त्वाचं काम' असं म्हणून उड्या मारत परत गेले. आबा मागून म्हणाले, "तुम्ही काय मोजतस ते इचारंच नही त्यासनी."

आबांनी मात्र विचारलं होतं. पहिल्याच महिन्यात.

पृथ्वी हे एक मोठं लोहचुंबक आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. त्या चुंबकाच्या पकडीत, आपल्या डोक्यावर हजारो किलोमीटर उंचीवर, विजेचे बारीक कण अडकून फिरत असतात. त्यांचे दोन पट्टे आहेत. आतला त्यातल्या त्यात शांत; बाहेरचा लहरी, त्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन. बऱ्याच उपग्रहांची वाट या बाहेरच्या पट्ट्यातून जाते. इलेक्ट्रॉन फार वेगवान झाले की उपग्रहाच्या पत्र्यातून आत घुसतात, वायरींच्या वेष्टनात रुतून बसतात, साचतात, आणि एखाद्या दिवशी आतल्या आत ठिणगी पडते. कोट्यवधींचं यंत्र एका क्षणात मुकं होतं.

हे इलेक्ट्रॉन वेगवान का होतात? सूर्याकडून वारा सारखा येत असतो. कधी तो जोराने येऊन पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो, त्याला आम्ही वादळ म्हणतो. लोकांना वाटतं, वादळाच्या तडाख्यातच सगळं घडतं. पहिल्या तडाख्यात तर बाहेरचा पट्टा पुष्कळदा ओस पडतो. खरं काम नंतर चालतं. वादळ उतरणीला लागतं, आपल्याला वाटतं सुटलो, पण मागून येणारा वेगवान वारा कवचाला हलवत राहतो. त्या हालण्याने दोन तऱ्हेच्या लाटा उठतात. एक तऱ्हा बारीक, सेकंदाला शेकडो-हजारो हेलकाव्यांची. तिचा आवाज करून ऐकला तर पहाटे झाडावर पाखरं कलकलतात तसं ऐकू येतं. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगर फिरत असतो; त्याची गिरकी आणि लाट यांचा मेळ बसला की लाट त्याला जोर देते. दुसरी तऱ्हा संथ, एकेका हेलकाव्याला काही मिनिटं घेणारी. इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती प्रदक्षिणाही घालत असतो, फेरीला पाचदहा मिनिटं लागतात. संथ लाटेची चाल त्या फेरीशी जुळली की प्रत्येक फेरीत त्याला एक धक्का मिळतो. तो पृथ्वीकडे सरकतो आणि आणखी जोर धरतो. दोन-तीन दिवसांत ओस पडलेला पट्टा पहिल्यापेक्षा जास्त भरतो, आणि फार वेगवान कणांनी भरतो.

आबांना मी हे आखाजीच्या झोक्याने सांगितलं होतं. आखाजीला आमच्याकडे माहेरी आलेल्या लेकी लिंबाला झोके बांधतात. झोका परत आला की नेमका त्याच वेळी धक्का द्यायचा. धक्का छोटा, पण वेळ साधली की झोका आभाळाला. वेळ चुकली तर झोका थांबतो. आबा ऐकत राहिले. पुढे पाहुणे आले की मला बोलू न देता तेच सांगायचे, "सूर्य फुंकस, धरतीना दोर हालतस, नि वरला कन झोका खातस. आम्ही अठे दोर मोजतस." माझ्या भाषणांपेक्षा ते लोकांना जास्त कळायचं.

रोजचा आलेख धुळ्यातल्या आमच्या ऑफिसच्या खोलीत छापून निघे. दुसऱ्या दिवशी मी तो केंद्रावर नेई, आबा वहीत चिकटवत. चिकटवण्याआधी तो लांब धरून बघत. चौथी शिकलेला माणूस, पण अकरा वर्षांत कागद वाचायला शिकला होता. "ताई, ये ट्रकनं शे, दूरना रस्तावरनं." "ये ईज चमकनी व्हती काल." क्वचितच चुकायचे.

मी हे मुद्दाम लिहितेय. पुढे काय केलं ते वाचताना हे लक्षात राहावं.

त्या वर्षी आखाजीच्या चार दिवस आधी एक वादळ आलं. फार मोठं नव्हतं. आलेख खाली गेला, मग हळूहळू वर येऊ लागला. आखाजीच्या आदल्या दिवशी मी धुळ्यात होते. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रेष हलायला लागली. वर, खाली, वर, खाली. एक हेलकावा पाच-सहा मिनिटांचा, एकसारखा, घड्याळ लावल्यासारखा. एकला पाच मिनिटं कमी असताना थांबला. पावणेचार तास.

मी पाहिलं आणि माझ्या मनात आलेला पहिला शब्द होता: नांगरणी.

आखाजीच्या सुमाराला खानदेशात सगळीकडे नांगरट चालू असते. ट्रॅक्टर शेताच्या एका टोकाला जातो, वळतो, परत येतो. जाऊन यायला पाच-सहा मिनिटं. केंद्राला लागून भटूचं शेत होतं. भटू म्हणजे आबांच्या थोरल्या भावाचा, झुलालभाऊंचा मुलगा. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, आणि आमच्याकडच्या पट्ट्यात तो फक्त बैलांनीच काम करील असं ठरलेलं होतं. ते सांभाळणं आबांच्या अंगावर. मी आबांची नोंदवही मागवली. त्यात आबांच्या अक्षरात स्पष्ट होतं: नऊला निघालो, मंगलाला आणायला स्टँडवर, एक वाजता आलो. मंगला त्यांची एकुलती लेक, भडगावला दिलेली. आखाजीला माहेरी येत होती. त्या दिवशी एसट्या भरभरून जात होत्या, तिची गाडी दोन तास उशिरा आली. तेवढाच वेळ केंद्रावर कोणी नव्हतं.

खरं लिहिलं नसतं तर ते वाचले असते.

मी दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेले. भटूचं शेत ताजं नांगरलेलं होतं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बैलांनी केलंय, ट्रॅक्टर दोन दिवस घरासमोरून हललेला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ठरवलं की हा खोटं बोलतोय. का ठरवलं? महिन्यापूर्वीच आमच्या मुख्यांचं पत्र आलं होतं, तुमच्या केंद्राच्या नोंदींत कचरा फार येतो, खुलासा करा. वरिष्ठ जागेसाठी माझं नाव पुढे होतं. शेतातल्या केंद्रावर बाई ठेवायला नको, असं म्हणणारे दोघंतिघं होतेच. मला कोणीतरी जबाबदार हवा होता, आणि वहीने तो हातात दिला.

त्याच दिवशी, आखाजीला, मी आबांच्या घरी जेवले. खापरावरची पुरणपोळी, आमरस. मंगलाने मला झोक्यावर बसवलं. घरी जाऊन मी तो पावणेचार तासांचा भाग नोंदीतून कापला आणि अहवाल लिहिला: स्थानिक व्यत्यय, शेजारच्या शेतात ट्रॅक्टर, रखवालदार विनापरवानगी गैरहजर.

परवानगी त्यांनी मागितली होती. फोनवर. मी "हो, जा" म्हटलं होतं.

हे वाक्य आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

अहवाल पोचल्यावर ठेकेदाराने आबांना त्या वर्षी 'राहा' म्हटलं नाही. मी आबांना सांगायला गेले तेव्हा ते हद्दीवरच्या लिंबाखाली पेटी पुसत होते. म्हणाले, "ताई, मी वनू तव्हय वावरमा कोन्हीच नव्हतं. ट्रॅक्टरना आवाजबी नही."

मी म्हटलं, "आबा, यंत्राला खोटं बोलता येत नाही."

त्यांनी मान खाली घातली. अकरा वर्षं हे मीच त्यांना शिकवलं होतं. माझ्यावर त्यांचा किती विश्वास होता ते मला त्या मान खाली घालण्यातून कळलं, आणि मी तो वापरला. तेव्हा मी त्यांना फक्त एक गोष्ट करू दिली असती तर पुरे होतं: तो कागद हातात द्यायचा. पण छापील कागद माझ्या पिशवीत होता आणि पिशवीतच राहिला. कापलेली नोंद कशाला दाखवायची, एवढंच डोक्यात होतं.

आबांनी किल्ली दिली आणि तिथून सरळ भावाच्या घरी गेले. काय झालं ते मला नंतर नव्या रखवालदाराने सांगितलं. आबांनी भर ओट्यावर, चार माणसांत, भटूला शिव्या घातल्या. तू माझी अकरा वर्षं मातीत घातलीस म्हणाले. भटूने बैलांच्या मानेवर हात ठेवून शपथ घेतली. आबा म्हणाले, बैलाच्या मानेवर हात ठेवून खोटं बोलतोस, उद्या बापाच्या ठेवशील. झुलालभाऊ मध्ये पडले, तर आबांनी त्यांनाही सोडलं नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

तीन आठवड्यांनी दक्षिणेतल्या एका केंद्राच्या नोंदी माझ्याकडे आल्या. महिन्याला अशी देवघेव व्हायची. मी सहज त्या दिवसाचा कागद काढला. तोच हेलकावा. नऊ दहाला सुरू, पाच मिनिटं कमी एकला बंद. मी पिशवीतला कागद काढला, दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. रेषा एकमेकींवर बसल्या. शेकडो कोस दूरच्या दोन शेतांत एकच ट्रॅक्टर चालत नाही.

ती लाट होती. संथ तऱ्हेची, वादळ उतरणीला लागल्यावर उठणारी. माझं सगळं शिक्षण जी ओळखण्यासाठी झालं होतं, ती. ट्रॅक्टरचा खड्डा टोकदार असतो. ही रेष गोल होती, डोंगरासारखी. तिच्यानंतर दोन दिवसांनी बाहेरचा पट्टा खच्चून भरला होता, उपग्रहांच्या नोंदींत ते उघड दिसत होतं. मी ते आकडे पाहिलेही होते आणि नवल केलं होतं की एवढं साधं वादळ, मग एवढे इलेक्ट्रॉन आले कुठून?

त्याच आठवड्यात मुख्यांचा फोन आला. "तुमच्याकडचे ते तास कापलेत का? बाकी सगळीकडे लाटा दिसतायत."

"हो सर."

"कच्ची नोंद आहे ना?"

"आहे."

"मग लावून टाका परत."

ते एवढंच बोलले. रखवालदाराबद्दल विचारलं नाही. त्यांना आठवतही नसेल. फोन ठेवायच्या आधी एक क्षण होता. 'सर, या तासांपायी एका माणसाला काढलंय' एवढं म्हणायचं होतं. ठेकेदाराने आबांना दुसऱ्या दिवशी परत घेतलं असतं. मला काय झालं असतं? एक ठपका. चारचौघांत कळलं असतं की पदव्युत्तर पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईला सूर्याची लाट आणि भटूचा नांगर यातला फरक कळला नाही.

मी म्हटलं, "हो सर, लावते."

उपग्रहांचं माझ्यामुळे काही बिघडलं नाही. इशारे देणाऱ्यांकडे इतर केंद्रांच्या नोंदी होत्या, एका केंद्राच्या पावणेचार तासांवाचून कोणाचं अडलं नाही. ते कळल्यावर मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची आज किळस येते.

आणखी एक आहे. दोन वर्षांनी एका परिषदेत मी तीच नोंद पडद्यावर लावली. इतक्या दक्षिणेला लाट इतकी स्वच्छ क्वचितच मिळते. टाळ्या पडल्या. एका वयस्क शास्त्रज्ञांनी विचारलं, नोंद इतकी निर्मळ कशी? मी म्हटलं, "आमच्याकडे हद्दीच्या आत लोखंड येऊ देत नाहीत." लोक कौतुकाने हसले. हद्द कोण सांभाळत होतं, ते मी सांगितलं नाही. ती वरिष्ठ जागा मला त्याच वर्षी मिळाली.

झुलालभाऊ वारले तेव्हा मी अजून त्याच केंद्रावर होते. गावात बातमी होती की हिलालआबा सख्ख्या भावाच्या मातीला गेले नाहीत, दसव्यालाही नाहीत. अंगणात बसून राहिले, प्रेत दारावरून गेलं. मी हे ऐकलं. चहाचा पेला माझ्या हातात होता, तो मी संपवला आणि आलेख तपासायला बसले.

पुढे रस्ता रुंद झाला, विजेच्या मोठ्या तारा आल्या, केंद्र बंद पडलं. भटूने शेत विकलं आणि सुरतेला गेला. आबांची बायको गेल्यावर मंगलाने त्यांना भडगावला नेलं. लेकीच्या दारी म्हातारपण काढायची आमच्याकडे माणसाला लाज वाटते. मी काही वर्षांनी मुदतीआधी नोकरी सोडून जळगावला आले. लोकांना वाटलं, तब्येत.

संपादकांचा फोन आल्यावर मी लिहायला बसले, पंधरा दिवस नुसते किस्से लिहिले आणि फाडले. मग यंदाच्या उन्हाळ्यात दोन्ही कागद पिशवीत घातले आणि भडगावची एसटी धरली.

गिरणा नदीकडच्या गल्लीत मंगलाचं घर. तिने मला लगेच ओळखलं. "अगंबाई! ताई! आबा, बघा कोन आलंय!"

आबा खाटेवर उठून बसले. नजर अधू, अंग वाळलेलं, आवाज तोच. "ताई? इतला उनमा?" आणि मी तोंड उघडायच्या आत हात जोडले. "बरं व्हयनं उन्यात. माफी मांगानी व्हती. तव्हय मी हद्द सोडी गऊ, तुमनं नाक कापायनं. भट्यानी मनं तोंड काळं करं."

मी त्यांना माफ करीन, याची ते इतकी वर्षं वाट पाहत होते.

मी म्हटलं, "आबा, भटूने काही केलं नव्हतं. ट्रॅक्टर आलाच नव्हता."

ते हसले. समजूत काढायला आलेल्या पाहुण्याकडे हसावं तसे. "ऱ्हाऊ द्या ताई. तुमनं मन मोठं शे."

मी कागद काढले. एकावर एक ठेवले. कोणता कुठला ते सांगितलं. त्यांनी मंगलाला चष्मा मागितला, कागद दाराच्या उजेडात लांब धरले. बोट रेषेवरून सरकायला लागलं. एका डोंगरावरून, दुसऱ्यावरून. अर्ध्यात थांबलं.

"हाई तं गोल शे," ते म्हणाले.

"हो."

"ट्रॅक्टरनं टोकदार ऱ्हास."

"हो आबा."

"हाई सूर्यनं शे."

"सूर्याचंच," मी म्हटलं.

"तुमले कव्हय समजनं?"

"तीन आठवड्यांनी."

त्यांनी चष्मा काढला. मी पुढचंही सांगितलं: परवानगीचा फोन, कापलेली नोंद, मुख्यांशी झालेलं बोलणं, परिषद. सगळं. मंगला दाराशी उभी होती, ती ऐकता ऐकता खाली बसली. आबांनी एकच विचारलं. "हाऊ कागद माले तव्हयच का नही दखाडा?"



"मंग मी भाऊना दसव्याले का नही गऊ?" हे त्यांनी मला विचारलं नाही, मंगलालाही नाही. नुसतं म्हणाले.

मग ते म्हणाले, "मंगला, भटूले फोन लाव."

मंगला म्हणाली, "आबा, तो उचलनार नाही. माझ्या पोराच्या लग्नाची पत्रिका पाठवली तर परत आली होती."

"लाव."

भटूने उचलला. मंगलाने फोन आबांच्या कानाला लावला.  त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "तुम्ही सांगा. साधं सांगा."

पलीकडे यंत्रमागांची खडखड चालली होती. मी माझं नाव सांगितलं, केंद्रावरची ताई म्हटलं. मग म्हटलं, "भटूभाऊ, त्या आखाजीला तुम्ही ट्रॅक्टर आणला नव्हता. चूक माझी होती. मी आबांना आज सांगितलं."

खडखड तशीच. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

मग तो म्हणाला, "हाई तुम्ही माले सांगी राह्यनात?"



"मना बाप जित्ता व्हता तव्हय त्याले सांगानं व्हतं," तो म्हणाला. "तो मरता मरता माले इचारे, भटू, खरं सांग, आन्था का तू ट्रॅक्टर?"

आणि फोन बंद झाला.

आबा माझ्याकडे पाहत होते. "काय बोलना भटू?"

एक क्षण वाटलं, थोडं सौम्य करून सांगावं. 'तुमची आठवण काढतो,' असं काहीतरी. मी तसं केलं नाही. त्याचे शब्द होते तसे सांगितले, शेवटच्यासकट.

आबांनी ते ऐकून घेतलं. "बराबर बोलना," म्हणाले.

मी कागद आवरायला हात पुढे केला. त्यांनी दिले नाहीत.